एक घोंगडी, चारही ऋतूंत : माणदेशी हातमागाच्या घोंगडीचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात माण तालुक्यातील एका सणगर विणकराकडून मी काळ्या लोकरीची हातमागाची घोंगडी घेतली. लांबी नऊ फूट, रुंदी साडेचार फूट, घरच्या काट्यावर वजन अडीच किलोच्या थोडे वर आणि किंमत २,८०० रुपये. ती घेताना एकच ठरवले होते की, तिला कपाटात किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर जागा द्यायची नाही. साताऱ्यात राहणाऱ्या आणि आठवड्यातून तीन-चार दिवस कोरेगाव तालुक्यातील शेतावर जाणाऱ्या माणसाचे जे उघड्यावरचे जगणे असते, त्यात ती किती उपयोगी पडते, हे मला पाहायचे होते.

या खरेदीआधी मी एकदा फसलो होतो, तेही सांगून टाकतो. ‘अस्सल घोंगडी’ म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली वस्तू मऊ होती, हलकी होती आणि स्वस्तही होती. परंतु तिच्या दशीचा धागा जाळून पाहिला, तेव्हा तो वितळून त्याचा टणक मणी झाला. खऱ्या लोकरीचा धागा केस जळल्यासारखा वास देतो, ज्योत बाजूला नेताच बहुधा विझतो आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. घोंगडी घेताना ही परीक्षा जरूर करावी. प्रामाणिक विणकराला त्याचे वाईट वाटत नाही. माझ्या विणकराने तर आगपेटी स्वतःहून पुढे केली.

दख्खनी मेंढीची लोकर मुळातच जाड आणि राठ असते. वर्षातून दोनदा मेंढ्यांची कातरणी होते, लोकर पिंजून तिचे सूत काततात आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर विणतात. काळा रंग मेंढीचाच असल्यामुळे धुतल्यावर तो उतरण्याचा प्रश्न येत नाही. नवी घोंगडी मात्र खळीमुळे पत्र्यासारखी ताठ असते आणि पहिला महिनाभर तिला मेंढवाड्याचा वास येतो. आमच्या घरात त्या महिन्यात तिची जागा ओसरीवर होती आणि तो निर्णय माझा नव्हता. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी बरीच मऊ असते, पण तिची किंमतही बरीच अधिक असते.

पावसाळ्यात तिची पहिली परीक्षा यवतेश्वरच्या घाटात झाली. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाठ आणि खांदे झाकले जातात, हात मोकळे राहतात आणि छत्रीप्रमाणे वाऱ्याशी कुस्ती करावी लागत नाही. भुरभुर पाऊस आणि धुके यांत तासाभराच्या चालण्यात आतील सदरा कोरडा राहिला. लोकरीच्या केसांच्या टोकांवर थेंब अडकतात आणि घोंगडी झटकताच निम्मे पाणी गळून पडते. रेनकोटात चढ चढताना घामाने जी उकड होते, तीही झाली नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. तथापि आषाढातल्या मुसळधार पावसात हे सर्व संपते. अर्ध्या तासात पाणी आत उतरले, घोंगडीचे वजन खांद्यांना जाणवू लागले आणि घरी आल्यावर ती वाळायला पुरते चार दिवस लागले. ‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग आपण सरकारी कामांसाठी इतक्या सहज वापरतो. तो कोणा कंटाळलेल्या गृहिणीने वळचणीखालच्या ओल्या घोंगडीकडे पाहूनच प्रथम उच्चारला असावा, अशी माझी आता खात्री पटली आहे.

या घोंगडीचा खरा हंगाम मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा आहे. शेतीची वीज रात्रीची असली की गव्हाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री दारे धरायला जावे लागते. पाय घोट्यापर्यंत चिखलात, अंगावर दहिवर आणि वरून बोचरा वारा, अशा वेळी दोन वाफ्यांच्या मधला वेळ बांधावर बसून काढायचा असतो. सुती चादर दहिवराने ओली होऊन अंगाला चिकटते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि ती ओल शोषताना थोडी ऊब देते. पहाटे चारच्या सुमारास घोंगडीच्या बाहेरच्या बाजूवरून हात फिरवला तर तळवा भिजत असे, आणि आतली बाजू मात्र कोरडी असे. माझ्या चुलतभावाचे महागडे जाकीट उबेच्या बाबतीत तिच्या तोडीचे होते, हे मान्य केले पाहिजे. पण शेकोटीतून उडालेल्या एका ठिणगीने त्याच्या बाहीला भोक पाडले. तशीच ठिणगी घोंगडीवर पडली, तिथे करपल्याचा एक ठिपका राहिला, एवढेच.

पुढे हुरड्याच्या दिवसांत ती पांघरुणाची अंथरूण झाली. आगटीभोवती धसकटांच्या रानात सतरंजी टाकली तर काड्या टोचतात, घोंगडीच्या जाडीतून त्या वर येत नाहीत. कणसे चोळताना सांडलेला हुरडा आणि तूस मात्र तिच्या केसांत असे गुंतून बसते की दुसऱ्या दिवशी बराच वेळ वेचत बसावे लागते.

उन्हाळ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वैशाखात गच्चीवर झोपताना तापलेल्या फरशीवर खाली घोंगडी आणि वर सुती चादर अशी जोडणी चांगली जमते, कारण फरशीची धग पाठीपर्यंत पोहोचत नाही. उघड्या अंगाने तिच्यावर झोपण्याचा प्रयत्न मी एकदाच केला. ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनी एकदाही करू नये.

निगा राखण्याबाबत विणकराने दिलेल्या सूचना कडक होत्या आणि त्या योग्यच ठरल्या. वॉशिंग मशीन आणि गरम पाणी पूर्ण वर्ज्य, कारण त्यांनी लोकर आटते आणि घट्ट गोळा होते. वर्षातून एकदा थंड पाण्यात रिठ्याने धुणे आणि पिळण्याऐवजी सपाट पसरून वाळवणे पुरेसे असते. खरी भीती कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची. मार्चमध्ये तीन आठवडे मी तिला घडी घालून ट्रंकेत ठेवले, वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि निश्चिंत झालो. बाहेर काढली तेव्हा एका कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढी दोन भोके पडली होती. रोज वापरातल्या, उन्हात झटकल्या जाणाऱ्या घोंगडीला वर्षभर काही झाले नव्हते. ज्यांना वस्तू जपून ठेवण्याची सवय आहे, त्यांना म्हणूनच मी ही घोंगडी सुचवणार नाही. सदनिकेत राहणाऱ्या आणि जिला ऊन दाखवायला गच्ची नाही, अशा कुटुंबानेही साधी रजाई घ्यावी. ज्यांचा दिवस उघड्यावर जातो, त्यांना २,८०० रुपये जास्त वाटू नयेत. मला वाटले नाहीत.

भोके रफू करून घेण्यासाठी ज्येष्ठाच्या अखेरीस पुन्हा त्याच विणकराकडे गेलो आणि पांढऱ्या काठाची आणखी एक घोंगडी सांगून आलो. ती दिवाळीनंतरच मिळेल, असे त्याने स्पष्ट सांगितले आहे, कारण पावसाळ्यात ताण्याची खळ वाळत नाही आणि मागाच्या खड्ड्याला पाझर फुटतो.