एपीआयचा पीएच चाचणी संच: नवे मासे आणणाऱ्यांसाठी

नवे मासे आणण्याआधी पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, मोजायला मी एपीआय या कंपनीचा द्रव चाचणी संच वापरतो आणि कागदी पट्ट्यांपेक्षा तो मला कितीतरी भरवशाचा वाटतो. काचेच्या नळीत 5 मिलिलिटर पाणी घेऊन द्रावणाचे 3 थेंब टाकायचे, नळी उलटसुलट करायची आणि पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. जवळच्या छटा ट्यूबलाइटखाली सारख्याच भासतात, त्यामुळे हे काम दिवसाउजेडीच करावे.

मासे ज्या पिशवीतून येतात तिच्यातल्या पाण्याच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. बंद पिशवीत माशांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि त्यामुळेच माशांच्या उत्सर्जनातून साठलेला अमोनिया बव्हंशी कमी घातक अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निसटतो, पीएच चढतो आणि अमोनियाचे विषारी रूप वाढू लागते. म्हणून लांबच्या प्रवासातून आलेल्या माशांना त्याच पाण्यात तासन्‌तास ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा खरेदीपूर्वीच दुकानातल्या टाकीचे थोडे पाणी बाटलीत मागून घ्यावे, घरच्या पाण्याशी तुलना करावी आणि तफावत मोठी असल्यास खरेदी पुढे ढकलावी, कारण पीएचमधला एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेतला दहापट फरक.

संचाची मर्यादा 6.0 ते 7.6 एवढीच आहे. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांनी 7.4 ते 8.8 मोजणारा त्याच कंपनीचा दुसरा संच घ्यावा.