पॉटरी स्टुडिओची मेंबरशिप: सात-आठ महिने वापरल्यावर

पुण्यात बाणेरच्या बाजूला एक छोटा स्टुडिओ आहे, गेल्या पावसाळ्यापासून तिथे जातेय. खाली तक्रारीही आहेत म्हणून नाव लिहीत नाही. बेसिक कोर्स झाला की मेंबर होता येतं: महिन्याला साडेचार हजार, माती आणि भाजणी वेगळी. त्यात विजेवरची चाकं, इलेक्ट्रिक भट्टी आणि रॅकवर आपल्या नावाचा एक कप्पा.

चाकं उत्तम, भट्टी वेळेवर लागते. सामानाबद्दल एवढं पुरे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची, नोकरीसाठी इथे आलेली, आणि खरं सांगायचं तर मातीपेक्षा ओळखीपाळखी व्हाव्यात म्हणून पैसे भरले होते. त्या बाबतीत सुरुवातीचे दोन-तीन महिने वाया गेल्यासारखेच वाटले. कुणी तुसडेपणाने वागलं नाही, पण जुन्या मंडळींचा कोपरा ठरलेला, चहाची वेळ ठरलेली, विनोदसुद्धा आधीच्याच कुठल्यातरी भाजणीबद्दलचे. ‘स्पंज घेऊ का?’ ‘घे ना.’ संपलं.

नियम बोर्डावर एकच, मोठ्या अक्षरांत: कोरडा झाडू मारू नये. सुकलेल्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाते, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसायचं. हे कडक पाळतात, त्याला पैकीच्या पैकी मार्क. बाकीचं मात्र बघून बघून शिकायचं. प्लास्टरचा कण लागलेली माती परत मळायच्या बादलीत टाकायची नाही, हे कुणी सांगत नाही. तो कण भाजल्यावर दमट हवेत फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

चित्र बदललं ते भट्टी भरताना. भट्टीचं काम बघणाऱ्या मामांना एका संध्याकाळी हाताखाली कुणी नव्हतं. “ताई, जरा थांबता का?” म्हणाले. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावलेलं प्रत्येक भांडं उचलायचं, उलटं करायचं, बुडाला लागलेलं ग्लेझ ओल्या स्पंजने टिपून काढायचं, नाहीतर ते वितळून शेल्फला चिकटतं. मग दोन भांड्यांत बोटभर जागा सोडून मांडायचं. असं करता करता सगळ्यांची कामं हातातून गेली. कुणाच्या कपांचे कान जाडजूड, कुणाचं बूड कागदासारखं पातळ, एकीच्या प्रत्येक कपाच्या बुडाला अंगठ्याचा ठसा. माणसं नंतर कळली, आधी त्यांची भांडी. मामांनी मधेच गाव विचारलं. वरोरा म्हटल्यावर “मग भद्रावती शेजारीच की,” म्हणाले. तिथल्या ग्रामोदय संघात, म्हणजे कुंभारकाम शिकवणाऱ्या संस्थेत, त्यांनी तरुणपणी काम शिकलेलं. मी एवढ्या जवळ राहून तिथे कधी गेलेच नव्हते.

आमची स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांची, भाजणी १२२० अंशांपर्यंत जाते आणि निवायला रात्र-दिवस लागतो. उघडायच्या दिवशी सगळे तासभर आधीच येऊन मीटरकडे बघत बसतात. काटा १०० च्या खाली आल्याशिवाय मामा झाकणाला हात लावू देत नाहीत. गार हवा आत शिरली की भांडी तडकतात. या रिकाम्या तासात जितक्या गप्पा होतात तितक्या महिनाभर होत नाहीत. माझा वाडगा निघाला तो बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी भेग घेऊन. तो हातोहात फिरला. बूड नीट दाबून घेतलं नाही की असं होतं हे तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं आणि अंगठ्यावालीने तिच्या कप्प्यातून तसाच फुटका वाडगा आणून दाखवला. त्यानंतर चहाला हाक येऊ लागली.

माझी मुख्य तक्रार हीच. हे योगायोगावर का सोडायचं? नव्या मेंबरला पहिल्याच आठवड्यात भट्टी भरायला बोलवा. माझ्या बॅचचा एक मुलगा ऑफिसनंतर रात्री यायचा, तेव्हा स्टुडिओत चिटपाखरू नसतं. दिवाळीआधीच त्याने सोडलं. चालकबाईंना सांगून पाहिलं, “बघू” म्हणाल्या. रविवारची चाकं जुन्यांनी महिनाभर आधी अडवून ठेवलेली असतात, तेही बदलायला हवं. आणि कप्पा लहान आहे. ओली माती भाजेपर्यंत १०-१२ टक्के आकसते, त्यामुळे भांडी मोठी करावी लागतात आणि चार ओले कप ठेवले की पाचव्याला जागा नाही.

मी पुढचे सहा महिने भरलेत. फक्त चाक हवं असेल तर याहून स्वस्त जागा सापडतील. इथे बघायला जायचंच असेल तर आधी फोन करून भट्टी कधी उघडणार ते विचारा आणि त्या दिवशी जा.