गी की नो-गी? दोन्हीकडे राहून आल्यावर

ब्राझिलियन जिउ-जित्सूत, म्हणजे पकडी आणि जमिनीवरच्या डावांच्या कुस्तीसारख्या खेळात, पहिले काही महिने टिकलात की हा प्रश्न समोर येतोच: गी, म्हणजे जाड सुती कोट-पायजमा घालून खेळायचं, की नो-गी, म्हणजे त्याशिवाय? आठवड्यात तीन दिवस जमतात, बॅचेस दोन प्रकारच्या, आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवला की धड एकही होत नाही. मी दोन वर्षं गी केली, मग जवळजवळ वर्षभर फक्त नो-गी, आणि आता परत गीत आलोय. चाळिशी ओलांडली आहे, दिवसभर कीबोर्डवर काम असतं, स्पर्धेत पदक वगैरे काही नाही. तेव्हा पुढचं सगळं माझ्यापुरतं खरं, असं धरून वाचा.

नो-गीकडे मी गेलो तो बोटांच्या त्रासाने. गीत समोरच्याची कॉलर किंवा बाही धरली की सोडवत नाही, आणि तो झटका देऊन सोडवतो तेव्हा सगळा ताण बोटांच्या मधल्या सांध्यावर येतो. सुरुवातीला तर मी बाहीच्या टोकातून आत बोटं घालून धरायचो. स्पर्धेच्या नियमात त्याला मनाई आहे, आणि ती का आहे हे एकदा पार्टनरने हात गर्रकन फिरवला तेव्हा कळलं. दुसऱ्या वर्षी सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण मिटायची नाही. शर्टाचं वरचं बटण लावायला दोन मिनिटं लागायची. अर्धा इंची टेप सांध्याभोवती आठच्या आकड्यात गुंडाळून वर्गात जायचं, आणि घरी आल्यावर ती केसांसकट उपटायची.

शिवाय धुणं. गी धुवायचा कंटाळा नाही, ती वाळत नाही याचा आहे. बाकीचं कापड रात्रीत वाळतं, पण कॉलरच्या आत फोम किंवा रबराची पट्टी असते, ती वाळता वाळत नाही. सकाळी अंगठ्याने दाबून बघितली की आत गारच. तशीच बॅगेत कोंबली तर संध्याकाळी पार्टनर काही बोलत नाही, फक्त तोंड दुसरीकडे करतो. म्हणजे गी करायची तर दोन गी हव्यात, त्यातली एक तरी हलक्या विणीची. नो-गीत रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि शॉर्ट्स, नळाखाली पिळून टाकले की सकाळी तयार. या बाबतीत तुलनाच नाही, नो-गी सरळ जिंकते.

खेळही मोकळा वाटला. कोणी कॉलरला लोंबकळून पाच मिनिटं खात नाही. अंडरहूक (काखेखालून घातलेला हात), मान, कंबर, एवढ्यावरच सगळं चालतं, त्यामुळे कुस्तीची सवय असलेल्याला तिथे लगेच घरी आल्यासारखं वाटेल. स्पायडर गार्ड, लासो, लॅपलचे पेच हे कापड धरून करायचं सगळं एका फटक्यात बाद, म्हणजे डोक्यात साठवायचंही कमी. बोटं दोन महिन्यांत बरी झाली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की गी म्हणजे जुनं लोढणं आहे.

मग एक गोष्ट खटकायला लागली, आणि खटकतच राहिली.

मी वर्गानंतर वहीत चार ओळी लिहितो. कोणाबरोबर रोल केलं (सरावाची लढत खेळलो), काय जमलं, काय फसलं. नो-गीला सहा-सात महिने झाल्यावर मागची पानं चाळली तर एकच शब्द पुन्हा पुन्हा: ‘निसटला’. आर्मबार (कोपर उलटा ताणायचा डाव) लावला, निसटला. पाठ मिळाली, निसटला. साइड कंट्रोलमधून (बाजूने दाबून धरलेल्या स्थितीतून) माउंट (छातीवर बसणं), निसटला. गीच्या पानांवर मात्र कारणं होती. ‘उजवी बाही आधी सोडली.’ ‘गुडघे मिटले नव्हते.’ ‘कॉलरमध्ये दुसरा हात उशिरा.’ दोन्ही वह्या माझ्याच, लिहिणारा माणूस तोच.

आमच्या बॅचमध्ये विशीतला एक मुलगा होता. अंगाने दणकट, स्वभावाने गोड. पहिल्या फेरीत, अंग कोरडं असताना, मी त्याला दोनदा आर्मबारने टॅप करायला, म्हणजे हार मानायला, लावायचो. चौथ्या फेरीत तोच डाव, तीच पकड, आणि त्याचा कोपर माझ्या मांड्यांमधून साबणाच्या वडीसारखा सुळकन बाहेर. आता यातून मी काय शिकायचं? गुडघे सैल होते, की अंगठ्याची दिशा चुकली, की नुसता घाम? त्यालाही माहीत नसायचं. ‘सर, मी फक्त जोरात ओढला,’ म्हणायचा. बरोबरच आहे त्याचं.

नो-गीवाले यावर सांगतात की घसरण हीच शिकवण आहे, पकड घट्ट व्हायला तीच भाग पाडते, फटी राहू देत नाही. हे खोटं नाही. आमच्यातले मुरलेले लोक घामाने निथळत असतानाही अजगरासारखे चिकटलेले असतात. पण ते आठवड्यात सहा दिवस मॅटवर असतात. माझ्यासारख्या तीन दिवसवाल्याला चूक आणि घाम यांतला फरक ओळखायलाच फार वेळ लागतो असं मला वाटतं. गीत कापड सगळ्यांना थोडं मंद करतं. जोर लावून सुटायला गेलं तर बाही अडवते, म्हणून सुटणाऱ्यालाही नीट कोपर आत घेऊन, कंबर सरकवूनच सुटावं लागतं. तो सुटला तर कुठून सुटला हे दोघांनाही दिसतं. डाव चुकला की पुढच्या फेरीत तो दुरुस्त करून बघता येतो. वय वाढलेल्याला हा मंदपणा फार उपयोगी पडतो.

हा खेळ आला कुठून ते पाहिलं तर यात नवल नाही. ज्युडोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही तालीम सुरू केली, त्यांच्या तालमीतले माएदा मित्सुयो १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, आणि तिथल्या ग्रेसी कुटुंबाने पुढे जे घडवलं ते जाड सुती कोटातच घडलं. नो-गीला स्वतःचं मोठं व्यासपीठ मिळालं ते एडीसीसी या स्पर्धेमुळे, आणि ती पहिल्यांदा झाली १९९८ मध्ये. आता तिकडचा खेळ इतका वेगळा झालाय की गीतून कोट वजा केला की नो-गी, असं म्हणणं अन्याय होईल.

पायांच्या डावांबद्दलही सांगायला हवं. नो-गीच्या बहुतेक वर्गांत हील हूक (टाच पिरगळून गुडघा मुरडणारा डाव) लवकर समोर येतो. या खेळाच्या आयबीजेजेएफ या संघटनेने तो २०२१ पासून नो-गीत प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना खुला केला, गीत तो कोणालाच चालत नाही. त्यात दुखणं उशिरा कळतं आणि गुडघ्याचे लिगामेंट आधी जातात, हा त्याचा वाईट भाग. शिकवणारा चांगला असेल तर भीती नाही. नवख्यांची गर्दी आणि शिकवणारा एकच असेल तर मी तरी लांब राहीन. त्वचेचंही तसंच. नो-गीत उघड्या अंगाला अंग घासतं, आणि नायट्यामुळे माझे दोन आठवडे घरी बसून गेले. तेव्हापासून लांब बाह्यांचा रॅशगार्ड आणि वर्ग सुटल्याबरोबर अंघोळ, यात तडजोड नाही. अर्थात न धुतलेली गीही तोच प्रसाद देते.

तरीही एमएमएकडे (मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींकडे) जायचं असेल, कुस्ती अंगात असेल, किंवा बोटांवरच पोट असेल, वादक, सर्जन, अशा कोणासाठी नो-गी बरी. तिथे माझा घामाचा मुद्दा गौण आहे. बाकीच्यांना, विशेषतः उशिरा सुरू केलेल्यांना, मी पहिली दोन वर्षं गीच सुचवीन, आणि नो-गी महिन्यातून एखाद-दोनदा, हवापालट म्हणून. बोटांचा त्रास पुरता जात नाही, पण पकड वेळेवर सोडायला शिकलं की निम्मा कमी होतो. झटका येतोय असं वाटलं की मी आता बाही सोडून देतो आणि दुसरी धरतो. हेही वहीतल्या कारणांमुळेच कळलं.

गी घ्यायची ठरलीच तर माप एकाने मोठं बघा आणि गरम पाण्यात अजिबात धुऊ नका. सुती कापड आखडतं. हात लांब केला की बाहीचं टोक मनगटापासून पाच सेंटिमीटरच्या आत हवं, असा स्पर्धेचा नियम आहे. माझी पहिली गी एकाच धुण्यात त्याच्या बाहेर गेली. ती अजून आहे, दुसरीची कॉलर वाळली नाही की तीच घालून जातो.