गॅसची भूल की शिरेतली भूल? ऑपरेशन ठरलेल्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं लोक ऑपरेशनला बेळगावला नाहीतर मिरजेला जातात तेव्हा सर्जन कसा हाय ते चार जणांना विचारतात, पण भूल कुठली देणार हे कुणी विचारत नाही आणि ते विचारायलाच पाहिजे. पित्ताशयाचे खडे दुर्बिणीतनं काढायचे तर बहुतेक वेळा पूर्ण भूलच लागते. त्यात दोन प्रकार. झोपेचं इंजेक्शन देऊन पुढे नळीतनं गॅसवर ठेवतात, नाहीतर शेवटपर्यंत पंप लावून शिरेतनंच प्रोपोफॉल हे झोपेचं औषध चालू ठेवतात.

गॅस म्हणजे आता मुख्यतः सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन, मशीनवर पिवळ्या रंगाची खूण असली तर सेवो, जांभळी असली तर आयसो. खरं तर ते पातळ औषध असतं, त्याची वाफ ऑक्सिजनबरोबर फुप्फुसात जाते आणि नंतर बरीचशी श्वासातनंच बाहेर पडते. मला यातली सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे पेशंटने सोडलेल्या श्वासात गॅस किती आहे ते मॉनिटरवर आकड्यात दिसतं, त्यामुळे भूल कमी पडायला लागली तर डॉक्टरना आधीच कळतं. शिरेतल्या औषधाचा असा आकडा दिसत नाही, सुई शिरेबाहेर सरकली नाहीतर पंप अडकला तर पेशंट ऑपरेशन चालू असताना जागा होऊ शकतो, म्हणून तिथे कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरी बघणारा बीआयएस मॉनिटर असलेला बरा. तशी मध्येच जाग येणं फार क्वचित, ब्रिटन-आयर्लंडच्या 2014 च्या पाहणीत साधारण 19,000 भुलींमागे एका पेशंटने तसं सांगितलं होतं.

गॅस मार खातो तो उलटीत. पोटावर ताजे टाके आणि वरनं कोरडे उमाळे, बाई उशी पोटाशी घट्ट धरून बसते आणि प्रत्येक उमाळ्याला कळवळते, हे बघवत नाही. बाई असणं, सिगरेट न ओढणं, गाडी लागायची सवय किंवा मागच्या ऑपरेशननंतर उलट्या, आणि नंतर मॉर्फिनसारखी औषधं, ही चारही जुळली आणि आधी उपाय केला नाही तर 100 पैकी साधारण 80 जणांना मळमळ-उलटी होते. म्हणून गोव्याला जाताना चोर्ला घाटात तुम्हाला पिशवी हातात धरायला लागते का, ते भुलीच्या डॉक्टरना आवर्जून सांगा. शिरेतल्या भुलीत हा त्रास कमी आणि जागही मोकळी येते, फक्त औषध जाताना हात चुरचुरतो. पण 2004 साली पाच हजारांवर पेशंटचा अभ्यास छापून आला त्यात उलटी होऊ नये म्हणून द्यायचं एक इंजेक्शन आणि गॅसऐवजी प्रोपोफॉल, दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला, त्यामुळे माझं मत असं की नुसती थोडी मळमळ होत असेल तर गॅस आणि सोबत दोन वेगवेगळी इंजेक्शनं पुरेत, मागच्या वेळी बेजार झाला असाल तरच शिरेतली भूल मागून घ्या.

एका बाबतीत मात्र चर्चाच नको. घराण्यात कुणाला भुलीत अचानक अंग भयंकर तापून स्नायू कडक झाले असतील किंवा टेबलावरच कुणी दगावलं असेल तर ते सांगायचंच. हा मॅलिग्नंट हायपरथर्मिया, 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट मांडला, दोष वंशातनं येतो आणि हे गॅस किंवा सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करायचं इंजेक्शन मिळालं की उसळतो. प्रोपोफॉलने तो होत नाही. त्यावरचं औषध डॅन्ट्रोलिन सगळ्या हॉस्पिटलात ठेवलेलं नसतं.

लहान पोरांना सेवो बरं पडतं, मास्कवरच झोपतात, सुई नंतर. उठल्यावर थोडा वेळ ओळख न दाखवता रडतात, घाबरू नका, बहुतेक वेळा अर्ध्या तासात शांत होतात.

उपाशी राहायचं मात्र दोन्हीकडे सारखंच, सकाळचा दुधाचा चहासुद्धा जेवणातच धरायचा, म्हणजे 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. तंबाखू, मिश्री, हलणारा दात, कवळी, काही लपवू नका. आणि संमतीचा कागद कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये असतो, आमची म्हातारी माणसं न वाचताच अंगठा उठवतात. तसं करू नका, मराठीत समजावून द्या म्हणा, आणि भुलीचे डॉक्टर शेवटपर्यंत डोक्याशी थांबणार ना, ते सहीच्या आधी विचारा.