सैल दगड काढून देणारी टोळी: काम कोणाला द्यावे, पैसे कशाचे द्यावेत

घाटातला खासगी रस्ता, डोंगराच्या पोटाशी बांधलेले रिसॉर्ट, कातळ कापून उभी राहिलेली सोसायटी, अशा ठिकाणी उतारावरचे सैल दगड काढून देणाऱ्या दोरवाल्या टोळ्या आता सह्याद्रीच्या पट्ट्यात मिळतात. ठेकेदार या कामाला ‘लूज स्केलिंग’ म्हणतात. दोरावर काम करणारे चार ते सहा जण, माथ्यावर दोर सांभाळणारा एक, खाली वॉकी-टॉकी घेऊन उभा एक आणि सुपरवायझर, असा साधारण संच असतो. सेवा घेण्यासारखी आहे. मात्र ती घनमीटरच्या दराने घेतली की बिघडते. त्याचे कारण पुढे सविस्तर देतो.

आपल्या कातळाचा स्वभाव आधी पाहायला हवा. सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी गेरूसारखा लाल, मऊ पट्टा असतो. पावसाने तो झिजतो, आत जातो आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे लोंबत राहतो. या थराला उभ्या भेगा असतातच. भेगेत पाणी शिरते, माती भरते, उंबर-पिंपळाची मुळे ती रुंदावतात आणि एके दिवशी अख्खा धोंडा सुटतो. एक घनमीटर बेसाल्टचे वजन सुमारे २.८ टन. तो ३० मीटरवरून आला तर खाली पोचताना त्यात ८०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. रस्त्याकडेची साधी भिंत त्याला अडवू शकत नाही.

म्हणून टोळीची पहिली परीक्षा पहार हातात घेण्याआधीच होते. चांगला सुपरवायझर हातोडीने दगड वाजवत जातो. घट्ट दगड ठणठणीत वाजतो, मागून सुटलेला बद्द वाजतो. भेगेच्या कडेला ताजी, न काळवंडलेली खूण आहे का, भेगेतून पाणी झिरपल्याचा डाग आहे का, खाली नुकत्याच पडलेल्या कपच्या आहेत का, हे तो बघतो. मग दोन रंगांच्या खुणा करतो: एक ‘काढायचा’, दुसरी ‘ठेवायचा, पण बोल्ट (भोक पाडून कातळात बसवलेला लोखंडी दांडा) मारायचा’. सगळ्या खुणा एकाच रंगाच्या असतील तर सावध व्हा. काही धोंडे वरच्या दहा धोंड्यांना टेकू देत असतात. असा चावीचा दगड काढला की काल घट्ट असलेला भाग आज सुटतो. स्केलिंगमध्ये या चुकीने मोठे नुकसान होते.

कामाचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे, यात तडजोड नाही. आधी कड्याच्या काठापासून दोन-तीन मीटर मागेपर्यंतची सुटी माती, गोटे आणि मोकळे धोंडे काढतात, मग पट्टा पाडून खाली उतरतात. प्रत्येकाला दोन दोर हवेत, एक कामाचा आणि एक सुरक्षेचा, आणि दोन्ही दोरांचे नांगर (अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार) वेगळे. कड्याच्या टोकावरच्या झाडाला किंवा सुट्या धोंड्याला दोर बांधलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. बेसाल्टची ताजी कड दोर कापते, म्हणून कडेवर दोराखाली जाड रबर किंवा कॅनव्हासची पट्टी हवीच. दोघे एकमेकांच्या खाली-वर कधीही नकोत, सगळे एका पातळीवर. प्रत्येक टप्प्यावरचा भुगा झाडून खाली आणायचा, कारण पुढच्या पावसात तोच आधी घसरतो. झुडपे बुंध्याशी कापायची. उपटली की मुळांबरोबर दगडही सुटतात.

खाली काय चालले आहे तेही तितकेच बघा. पूर्ण रस्ता बंद हवा, ‘एक लेन चालू’ नको. डांबरावर अर्धा मीटर माती किंवा वाळू पसरली नाही तर पडलेला धोंडा रस्ता फोडतो आणि उसळून पलीकडे जातो. उडणाऱ्या कपच्यांसाठी कडेला तात्पुरता अडथळा लागतो. खालच्या माणसाने ‘मोकळे’ सांगितल्याशिवाय वर पहार हलू नये.

हत्यारांपैकी पहार हीच मुख्य, दीड ते दोन मीटरची. पहारेने हलत नाही आणि हवेच्या पिशवीनेही हलत नाही, असा दगड बहुधा तूर्त तसाच ठेवून बोल्ट मारण्यासारखा असतो. पिशवी मात्र मोठ्या धोंड्यांसाठी उत्तम. रिकामी असताना ती दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असते, अरुंद भेगेत सरकवता येते आणि हवा भरली की कित्येक टनांचा धोंडा ढकलते. पिशवी जशी फुगते तशी तिची ताकद कमी होते, म्हणून भेग रुंद असेल तर आधी लाकडी फळ्या भरून जागा कमी करावी लागते. टोकदार कडेवर पिशवी फाटते, तेव्हा दोन्ही बाजूंना रबरी चटई ठेवायची. पिशवीला वेगळा दोर बांधलेला हवा, नाहीतर धोंड्याबरोबर तीही जाते.

दगड फोडायचे केमिकल घरांजवळ सोयीचे, आवाज नाही, हादरा नाही. भोक पाडायचे, पाण्यात कालवलेली पावडर भरायची, काही तासांत तडा जातो. एप्रिल-मेच्या तापलेल्या कातळात थंड हवेसाठी बनवलेली पावडर भरली तर मिश्रण भोकातून जोरात बाहेर फेकले जाते. डोळे जाण्याइतका हा धोका खरा आहे. सुरुंग शक्य तितका टाळावा, उरलेला कातळ खिळखिळा होतो.

पोकलेनवाला स्वस्त पडतो. साधे २० टनी मशीन नऊ-दहा मीटर उंचीपर्यंतच पोचते, आणि चालक खालून ओढत असल्यामुळे पायथा पोखरला जातो. शिवाय तो स्वतः दरडीच्या तोंडाशी बसलेला असतो. बुटक्या, मुरमाड उतारासाठी ठीक, उंच कातळासाठी नाही.

आता पैशांचे. घनमीटरवर दर ठरला की टोळीला जास्त दगड पाडण्यात फायदा. ती घट्ट दगडही ओढते, तासभर घाम काढणारा छोटा पण धोकादायक धोंडा मात्र सोडून देते. म्हणून दर टोळीच्या पाळीवर ठरवा: किती माणसे, किती तास, कोणता पट्टा. खुणा शक्यतो स्वतंत्र भूवैज्ञानिकाकडून करून घ्या. राडारोडा उचलण्याचा दर वेगळा लिहा. जागेवर १० घनमीटर असलेला कातळ सुटल्यावर १५-१६ घनमीटर होतो, म्हणजे छोट्या टिप्परच्या तीन खेपा. तो दरीकडे ढकलून देणाऱ्यांना पैसे देऊ नका, पावसात खालची मोरी तुंबते. माथा वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगी आधी. फेब्रुवारी ते मे हा कामाचा हंगाम, पण तेव्हाच कड्यांवर आग्या मोहोळे असतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, त्यामुळे पाहणीत मोहोळांची नोंद नसेल तर ती पाहणी अपुरी.

मध्य रेल्वेच्या भोर आणि थळ घाटांत ‘हिल गँग’ पावसाळ्याआधी धोक्याचे धोंडे हुडकून ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून ठेवलेल्या वेळेत, पाडतात. हे काम वर्षानुवर्षे चालते, एकदाच करून मिटत नाही. कोकण रेल्वेवर २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडीमुळे गाड्यांना अपघात झाले, तेव्हापासून तिथे जाळ्या, उतार कमी करणे, पावसाळी गस्त आणि कमी वेग असे सगळे जोडीने चालते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड आली, त्यानंतर तिथेही सैल दगड काढून जाळ्या लावल्या गेल्या. स्केलिंग करून ‘आता काळजी नाही’ म्हणणारा ठेकेदार खोटे बोलतो. चिखलाची दरड स्केलिंगने थांबत नाही. साधी षटकोनी जाळी साधारण अर्ध्या मीटरच्या दगडापर्यंत पुरते, त्यापुढे केबलची किंवा पोलादी कड्या गुंफलेली जाळी लागते. आणि जाळी स्केलिंगनंतरच लावायची. आधी लावली तर सुटलेले दगड तिच्या पोटात साठतात आणि नांगर उपटतात.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. प्रत्येक पट्ट्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून काढलेले हवेत. आणि बिलाचा एक हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या पाहणीपर्यंत राखून ठेवा. त्या पाहणीत टोळीने पुन्हा दोरावर उतरून खुणा केलेले, ठेवलेले धोंडे वाजवून बघायचे आणि माथ्यावरचा पाण्याचा चर गाळाने भरला असेल तर तो उपसून द्यायचा.