एक एमबीचे म्हणून विकलेले व्हिडिओ कार्ड

जुन्या संगणकाचे सुटे भाग अनोळखी विक्रेत्याकडून मागवणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव वाचावा, अशी विनंती आहे, कारण ही फसवणूक फोटोवरून ओळखता येण्यासारखी नव्हती.

देवगडला वडिलांच्या कार्यालयातील ‘४८६’ प्रोसेसरचा जुना संगणक आम्ही आजही जुने नकाशे आणि आराखडे पाहण्यासाठी वापरतो. त्याचा ग्राफिक्स अडॅप्टर, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, मदरबोर्डवरच आहे. खाऱ्या हवेने मॉनिटरच्या जोडणीजवळचे तांब्याचे पट्टे गंजले आणि पडद्यावरून हिरवा रंग नाहीसा झाला. या मदरबोर्डवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बदलून मूळ अडॅप्टर बंद करता येतो आणि आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये वेगळे कार्ड लावता येते. मात्र १०२४ बाय ७६८ बिंदू २५६ रंगांत दाखवायचे, तर एका बिंदूला एक बाइट या हिशेबाने ७,८६,४३२ बाइट मेमरी लागते. ५१२ केबीचे कार्ड तिथे अपुरे पडते, एक एमबीचेच हवे.

विक्रेत्याने फोनवर सांगितले, “दादा, त्सेंगचं ईटी४००० आहे, पूर्ण एक एमबी. मीपण सिंधुदुर्गातलाच, आपल्या माणसाला फसवून कुठे जाणार?” त्याने साडेसहा हजार रुपये आगाऊ घेतले आणि खात्रीसाठी एक व्हिडिओ पाठवला. त्यात पडद्यावर १०२४ केबी असा आकडा स्पष्ट दिसत होता. परंतु तो व्हिडिओ संगणक चालू होऊन डॉस या जुन्या प्रणालीचा प्रॉम्प्ट (आज्ञा लिहिण्याची ओळ) आल्यानंतर सुरू होत होता आणि कार्ड व मॉनिटर एकाच चौकटीत कुठेही नव्हते. सुरुवातीला पडद्यावर येणारे नाव आणि मॉनिटर कोणत्या कार्डाला जोडला आहे, या दोन गोष्टी लपवण्यासाठी तो तसा काढलेला होता.

कार्ड लावून संगणक सुरू करताच पडद्यावर सर्वप्रथम नाव आले ते त्सेंगचे नव्हे, तर ट्रायडेंट या दुसऱ्याच कंपनीचे. व्हीजीए, म्हणजे अशा व्हिडिओ कार्डावरील बायॉस (त्यात कायमचा साठवलेला प्रोग्राम) मेमरी मोजणीच्याही आधी स्वतःची ओळख छापते, आणि मुख्य चिपेवर चिकटवलेल्या लेबलाने ती बदलत नाही. पुढे डॉसमध्ये डीबग हा मेमरी तपासण्याचा प्रोग्राम उघडून सी००० या पत्त्यापासूनचा, म्हणजे कार्डाच्या बायॉसचा, भाग पाहिला, तेव्हा ५५ एए या सुरुवातीच्या खुणेनंतर काही ओळींत तेच नाव अक्षरशः वाचता आले. मेमरीचा आकडा ५१२ केबी आला, १०२४ नव्हे.

या कार्डावर मेमरीचे आठ सॉकेट आहेत आणि आठही भरलेले होते. ४४२५६ या क्रमांकाच्या एका चिपेत १२८ केबी मावतात, म्हणजे आठांचे एक एमबी व्हायला हवे. फोटोत चिपा मोजणारा माणूस इथेच निश्चिंत होतो. चिपा उपसून पाहिल्यावर चारांचे काही पाय आत मुडपलेले आणि हिरवट गंजाने झडलेले निघाले. एसीटोनमध्ये भिजवलेला कापूस त्यांच्यावर फिरवताच वरची छपाई पुसून निघाली आणि खाली पॉलिश पेपरचे ओरखडे दिसले. कुठल्या तरी मृत कार्डावरच्या निकामी चिपा घासून, त्यांवर नवा क्रमांक छापून, केवळ जागा भरण्यासाठी त्या बसवल्या होत्या. जुनी वस्तू वाटेत बिघडू शकते, हे मला मान्य आहे. पण ही तयारी बुद्धिपुरस्सर केलेली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले, तेव्हा तो म्हणाला, “पावसात पार्सल भिजलं असेल.” त्यानंतर त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. व्यवहाराची पावती, संभाषण आणि तो व्हिडिओ जोडून मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

असे कार्ड घेणाऱ्याने वीज चालू करण्यापासूनचा सलग, न कापलेला व्हिडिओ मागावा. त्यात स्लॉटमधले कार्ड, त्याला जोडलेली मॉनिटरची केबल आणि पडद्यावरची पहिली ओळ एकत्र दिसली पाहिजे, आणि शेवटी १०२४ बाय ७६८ चे २५६ रंगांतील चित्र प्रत्यक्ष उमटले पाहिजे. लेबल काढलेल्या मुख्य चिपेचा आणि सॉकेटमधून बाहेर काढलेल्या मेमरी चिपांच्या पायांचा जवळून घेतलेला फोटोही मागावा. विक्रेता यास नकार देत असेल, तर पैसे पाठवू नयेत.