वस्तीतली अंगणवाडी : पोराला घालायच्या आधी वाचा

दर जूनला कुणी ना कुणी विचारतंच, अंगणवाडीत घालू का गं पोराला, की तिथे नुसती खिचडी खायची आणि घरी यायचं. तर एकदाच नीट लिहून टाकते. माझी मोठी तिथूनच पहिलीला गेली, धाकटा सध्या जातोय. आमची वस्ती पिंपरीच्या बाजूची, नदीकाठची, निम्म्या बायका धुणीभांडी नाहीतर कंपनीत पॅकिंगला, त्यामुळे नर्सरीची फी हा काय चेष्टेचा विषय नाही.

माझं मत आधीच सांगते, ताई म्हणजे अंगणवाडी सेविका चांगली असेल तर बिनधास्त घाला, आणि ताई चांगली आहे का ते बघायचं असेल तर सकाळी ११ च्या सुमारास न सांगता जाऊन उभं राहा. मी मध्ये एकदा अशीच लवकर गेले तर खडूने जमिनीवर तीन गोल काढलेले, लाल निळा हिरवा, मध्ये बाटल्यांच्या झाकणांचा ढीग, आणि पोरं रंगाप्रमाणे लावतायत. एका पोरीच्या हातात पांढरं झाकण आलं, पांढऱ्याला गोलच नव्हता, मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ फ्रॉकच्या खिशात टाकलं. ताई म्हणाल्या, बरोबरे बाई तुझं, मीच गोल कमी काढले, आणि चौथा काढला. माझ्या मते हे शिकवणं आहे. गल्लीतल्या नर्सरीत याच वयाच्या पोरांना चार रेघी वहीत एबीसीडी गिरवायला लावतात, पान भरलं नाही की होमवर्क, अरे तीन वर्षांच्या बोटांत तेवढा जोर तरी असतो का. पण आईबापांना वही दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, आणि झाकणं दिसली की वाटतं नुसता टाइमपास चाललाय.

२०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा वयाला खेळातूनच शिकवा असंच म्हटलंय, २०२४ ला अंगणवाड्यांसाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम आलाय तो पण खेळावरच आहे. आणि आपल्याला यात नवीन काय, बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या पोरांसोबत हेच केलं, विकतची खेळणी नाहीत, आजूबाजूला जे सापडेल ते घ्यायचं. सरकारची अंगणवाडीची योजना त्यानंतर तीस वर्षांनी आली, २ ऑक्टोबर १९७५ ला.

आता खाण्याचं. तीन वर्षांच्या पुढच्यांना गरम ताजं मिळतं, आमच्याकडे बचत गटाच्या बायका बनवतात, खिचडी, उसळ, कधी लापशी. चव ठीक, मीठ कधी जास्त कधी नाहीच, पण पोरं एका पंगतीत बसून खातात म्हणून घरी नाक मुरडणारा माझा लेक तिथे मटकी संपवतो. केंद्राने २०१७ ला पोरामागे दिवसाला ८ रुपये दर ठरवला होता, त्यात काय पक्वान्न येणार, एक अंडं घ्यायला गेलं तरी तेवढे जातात. तीन वर्षांच्या आतल्या लहानग्यांसाठी घरी न्यायला जे पाकीट देतात त्याचं मात्र कौतुक करणार नाही, आमच्याकडे आलेलं गोडमिट्ट पीठ होतं, पोरं थुंकून टाकायची, कितीतरी घरांत ते शेळीपुढे गेलंय. थालीपिठाच्या भाजणीत मिसळलं तर खपतं, ही माझी टिप.

ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे वजन. दर महिन्याला काट्यावर चढवतात आणि कार्डावर टिंब देतात, हिरवा पट्टा पिवळा पट्टा. शेजारणीची मुलगी पावसाळ्यात जुलाबाने आजारी पडली, बरी झाली, खेळायला लागली, सगळे खूश, पण पुढच्या वजनाला रेघ खाली वळलेली. ताईंनी कार्ड आईच्या हातात देऊन बोट ठेवून दाखवलं आणि सिस्टरकडे पाठवलं. कुठली नर्सरी करते हे? लसीकरण, जंताची गोळी, अ जीवनसत्त्वाचा डोस, सगळ्याची आठवण ताई आणि आशाताई घरी येऊन करतात, फुकट.

वाईट काय, तर खोली. भाड्याची, पत्र्याची, एप्रिलमध्ये भट्टी. संडास नाही, पोरांना शेजारच्या घरात नेतात. सरकार जे भाडं देतं त्यात शहरात याहून बरी जागा मिळत नाही म्हणे, खरंही असेल.

दुसरं म्हणजे मोबाईल. पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी ॲपमध्ये हजेरी, वजन, फोटो, वर २०२५ च्या जुलैपासून पाकीट घ्यायला मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा जुळवावा लागतो. नेट जातं, बाई कामावरून तशीच आलेली, घामाने डबडबलेली, चेहरा काही जुळत नाही, मागे लाइन, आणि तेवढा वेळ पोरं मदतनीस मावशींच्या अंगावर. ताईंचा गोष्टीचा तास यातच जातो. हीच ताई निवडणुकीच्या याद्यांना पण आणि सर्व्हेला पण, आणि एवढं करून सरकार दरबारी 'मानधनी', पगारी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या तेव्हा वस्तीतल्या काहीजणी चिडल्या होत्या, मी नव्हते चिडले, फक्त पोराला सोबत कामावर न्यावं लागलं तेवढं.

आणि वेळ. दुपारी सुटते, मग पुढे काय? दिवसभर कामावर असणाऱ्या बाईला अर्धाच आधार. 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर असतं, आमच्याकडे अजून नाही, मागणी केलीय.

स्टार द्यायचे तर ताई आणि मावशींना पाच, खोलीला दीड, पाकिटाला एक तोही भाजणीमुळे. नाव घालायला जाताना जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड न्या, फी काही नाही, आणि कुणी मागितली तर देऊ नका.